घराचा पाया घालण्यापूर्वी : जमिनीची पारख आणि खोदाईचे अंदाजपत्रक

गावाच्या जमिनीचे ‘काळी’ आणि ‘पांढरी’ असे दोन भाग पूर्वीपासून मानले जातात. काळी ही पिकांची आणि पांढरी ही वस्तीची. शेतासाठी जी माती उत्तम, ती घरासाठी उत्तम असतेच असे नाही, हा अनुभव या विभागणीत साठविलेला आहे. अलीकडे मात्र गावठाणे अपुरी पडू लागली असून नवी घरे काळीत उभी राहत आहेत. बाभूळगाव तालुक्यात बेंबळा प्रकल्पामुळे काही गावांना आपली जुनी पांढरी सोडून नव्या ठिकाणी वसावे लागले. इतरत्र कुटुंबे विभक्त झाल्याने वस्ती शेताच्या दिशेने सरकत आहे. अशा वेळी घराच्या खर्चाचा विचार विटा, सिमेंट व छप्पर यांपासून सुरू होतो आणि जमिनीखालील खर्च हिशेबातून सुटतो. पुढे भिंतींना भेगा पडतात किंवा जोत्यापर्यंत पोहोचतानाच हाती असलेला पैसा संपतो. हे दोन्ही प्रसंग टाळता येण्यासारखे आहेत.

काळी माती भिंत का फोडते

यवतमाळ जिल्ह्याचा बराच भाग काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे. हा खडक झिजून तयार झालेली माती डोंगरउतारावर उथळ व मुरमाड, तर वर्धा आणि पैनगंगा या नद्यांच्या खोऱ्यांत खोल व चिकण आढळते. या काळ्या मातीत स्मेक्टाइट गटातील चिकणमातीचे प्रमाण मोठे असते. तिचे कण पाणी शोषून फुगतात आणि वाळल्यावर आकसतात. ज्या गुणामुळे ही जमीन पावसाचे पाणी धरून ठेवते व कापसाला पोसते, तोच गुण घराच्या पायाला बाधक ठरतो.

पावसाळ्यात माती फुगते तेव्हा ती पायाला वर ढकलते. उन्हाळ्यात ती आकसून फाटते तेव्हा पायाखालचा आधार निघून जातो. ही हालचाल घराखाली सर्वत्र सारखी होत नाही. कडेची माती लवकर भिजते व लवकर वाळते, मधली माती मात्र मागे राहते. त्यामुळे भिंत वाकते आणि खिडकी-दाराच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा निघतात. पावसाळ्यात मिटणारी व उन्हाळ्यात उघडणारी भेग ही काळ्या मातीची खूण होय. अशी भेग केवळ सिमेंटने बुजवून थांबत नाही.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. एकमजली घर हलके असते, म्हणून त्याला फार खोल पाया नको, असा समज आहे. काळ्या मातीत वस्तुस्थिती उलट असते. जड इमारतीचा भार मातीच्या फुगण्याला काही अंशी दाबून धरतो. हलक्या घराला ती सहज उचलते. म्हणून लहान घर बांधणाऱ्यानेच अधिक सावध असावे.

प्रथम परीक्षेचा खड्डा

जागा निश्चित करण्यापूर्वी नियोजित घराच्या समोरासमोरील दोन कोपऱ्यांजवळ ३ फूट लांब, ३ फूट रुंद व ६ फूट खोल असे दोन खड्डे घ्यावेत. ते शक्यतो पायाच्या चराच्या ओळीतच असावेत, म्हणजे ती खोदाई वाया जात नाही. खड्डा उन्हाळ्यात घेतल्यास जमिनीच्या भेगा किती खोल गेल्या आहेत हे दिसते. पावसाळ्याच्या अखेरीस शेजारच्या विहिरीची पातळी पाहिल्यास पाणी किती वर येते हे कळते.

खड्ड्यात वरून खाली जाताना काळा थर कोठे संपतो, चुनखडीचे खडे कोठे लागतात आणि मुरूम कोणत्या खोलीवर सुरू होतो, याची मापे टेपने घेऊन लिहून ठेवावीत. दोन खड्ड्यांतील मापांत मोठा फरक असल्यास मध्ये तिसरा खड्डा घ्यावा. ६ फुटांवरही काळी माती संपत नसेल, तर पुढील तपास गिरमिटाने करावा. खोल खड्ड्यात कोणी एकट्याने उतरू नये.

जुन्या गावठाणात घर बांधणाऱ्यांनीही हा खड्डा टाळू नये. पांढरी म्हणजे पडलेल्या भिंतींची माती, राख व केरकचरा यांचे पिढ्यान् पिढ्यांचे साचलेले थर. ती फारशी फुगत नसली तरी भाराखाली दबते. शिवाय धान्य साठविण्याची जुनी पेवे कधी कधी पायाखाली निघतात. असे पेव आढळल्यास ते तळापर्यंत मोकळे करून मुरमाने, थर धुमसून, भरून घ्यावे.

दोन बाटल्यांची चाचणी

माती किती फुगते हे अजमावण्याची एक सोपी रीत आहे. काळी माती पूर्ण वाळवून, कुटून, बारीक चाळणीने चाळावी. सारख्या आकाराच्या दोन अरुंद काचेच्या बाटल्यांत ती सारख्या वजनाने घालावी. एकीत रॉकेल व दुसरीत स्वच्छ पाणी ओतून चांगले ढवळावे आणि २४ तास ठेवावे. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. रॉकेलमधील थर १ इंच व पाण्यातील थर पावणेदोन इंच भरला, तर फुगवटा ७५ टक्के झाला. हा आकडा ५० च्या आत असल्यास धोका कमी, ५० ते १०० असल्यास सावधगिरी आवश्यक आणि १०० च्या पुढे गेल्यास साधा उथळ पाया मुळीच घालू नये. प्रयोगशाळेत हीच चाचणी १० ग्रॅम माती व मापाच्या काचनळ्या वापरून करतात. घरगुती चाचणी अंदाजापुरती मानावी. शंका असल्यास अभियंत्याचा सल्ला घ्यावा.

पाया कोठे टेकवावा

काळा थर ५ ते ६ फुटांच्या आत संपत असेल, तर तो पूर्ण भेदून पाया मुरमावर टेकविणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग होय. निघालेली काळी माती पुन्हा पायाच्या बाजूंना भरू नये. तेथे मुरूम भरावा. जोत्याच्या भरावातही काळी माती वापरू नये. तसे केल्यास फरशी उचलली जाते आणि जोत्याच्या भिंती बाहेर ढकलल्या जातात.

काळा थर याहून खोल असल्यास चर खोल करीत जाणे परवडत नाही. अशा जमिनीसाठी रुडकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने तळाशी फुगीर असलेल्या खुंटांच्या पायाची पद्धत विकसित केली आहे. यात हातगिरमिटाने सुमारे १ फूट व्यासाची, साधारणतः साडेअकरा फूट खोल भोके घेतात. तळाशी भोक अडीच पट रुंद करतात आणि त्यात सळया ठेवून काँक्रीट भरतात. या खोलीवर ऋतुमानाप्रमाणे ओल फारशी बदलत नाही, म्हणून खुंट स्थिर राहतो. खुंटांवर काँक्रीटची तुळई टाकून तीवर भिंत उभारतात. तुळईच्या खाली सुमारे ३ इंचांची पोकळी ठेवतात, म्हणजे माती फुगली तरी तुळईला लागत नाही. लहान घरास असे ९ खुंट लागतील असे धरल्यास त्यांची खोदाई एक-सव्वा ब्रासच भरते. काँक्रीट व लोखंडाचा खर्च मात्र वाढतो. हे काम जाणकाराच्या देखरेखीखालीच करावे.

खोदाईचे अंदाजपत्रक

खोदाईचे व मुरमाचे माप गावात ब्रासने करतात. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, अर्थात २.८३ घनमीटर. उदाहरणादाखल मध्यरेषेवर २० फूट लांब व १५ फूट रुंद, मध्ये एक आडवी भिंत असलेले दोन खोल्यांचे घर घेऊ. बाहेरील भिंतींची लांबी ७० फूट व मधल्या भिंतीची १५ फूट होते. मधली भिंत बाहेरच्या चरांना मिळते तेथे माप दोनदा येऊ नये म्हणून चराच्या रुंदीइतकी लांबी वजा करावी.

समजा, हे घर दोन ठिकाणी बांधता येते. एका जागी ५ फुटांवर मुरूम आहे. दुसरी जागा थोडी उंचावर असून तेथे दीड फुटावरच पक्का मुरूम लागतो. हिशेबाच्या सोयीसाठी खोदाईचा दर ब्रासला ५०० रुपये, पोचता मुरूम ब्रासला १,००० रुपये आणि माती वाहून नेणे ब्रासला ३०० रुपये धरले आहेत. प्रत्यक्ष दर गावात चौकशी करून घालावेत.

पहिली जागा, काळीची. चर ८२ फूट लांब, ३ फूट रुंद, ५ फूट खोल : १,२३० घनफूट, म्हणजे १२.३ ब्रास.
खोदाई : ६,१५० रुपये.
मुरूम : पायाच्या बाजूंना ५ ब्रास व २ फूट उंच जोत्यात ६ ब्रास, एकूण ११. धुमसल्यावर मुरूम बसतो, म्हणून सैल माप १४ ब्रास : १४,००० रुपये.
माती वाहतूक : खोदलेली माती सुमारे ३० टक्क्यांनी फुलते, म्हणून १६ ब्रास : ४,८०० रुपये.
बेरीज २४,९५० रुपये. अनपेक्षित खर्चासाठी १५ टक्के मिळवून सुमारे २८,७०० रुपये.

दुसरी जागा, मुरमाची. चर ८२.५ फूट लांब, अडीच फूट रुंद, अडीच फूट खोल : सुमारे ५.२ ब्रास.
खोदाई : २,६०० रुपये.
मुरूम : बाजूंना २ व जोत्यात ६ ब्रास, सैल माप १०. चरातून निघालेला मुरूमच साडेसहा ब्रास भरतो, म्हणून विकत ४ ब्रास : ४,००० रुपये.
बेरीज ६,६०० रुपये. १५ टक्के मिळवून सुमारे ७,६०० रुपये.

दोन्हींतील फरक २१,००० रुपयांचा आहे. खोल पायाचे जादा दगडकाम यात धरलेलेच नाही. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागात २०१६ पासून मैदानी भागातील किमान २५ चौरस मीटरच्या घरास १ लाख २० हजार रुपयांचे साहाय्य ठरविले गेले. त्या रकमेशी ताडून पाहता पहिल्या जागेवर जवळजवळ चौथा हिस्सा मातीच्या कामातच जातो. शिवाय साहाय्य हप्त्यांनी मिळते व पुढील हप्ता बांधकामाच्या टप्प्याशी जोडलेला असतो. जोते पुरे होण्यापूर्वी पैसा संपला तर काम अडून बसते आणि कर्जाची पाळी येते. याउलट परीक्षेच्या दोन खड्ड्यांची खोदाई एक ब्रासच्या आसपास, म्हणजे याच दराने सुमारे ५४० रुपयांची होते.

पहिल्या जागेचा चर आणखी १ फूट खोल गेला, तर सुमारे अडीच ब्रास खोदाई वाढते. म्हणून दर ठरविताना ‘एक फूट जादा गेल्यास काय दर’ हेही मजुरांशी किंवा यंत्रवाल्याशी आधीच बोलून घ्यावे. जेसीबी तासावर लावल्यास काम लवकर होते, परंतु चर हवा त्याहून रुंद होतो व रुंदीबरोबर भरावही वाढतो. यंत्राने शेवटचे ६ इंच सोडून ते कुदळ-फावड्याने काढावेत. चुकून जास्त खोदले गेल्यास तेथे सैल माती लोटू नये. चराची मोजणी पाया भरण्यापूर्वी दोन्ही पक्षांसमक्ष करून लिहून ठेवावी. मुरूम हे गौण खनिज असल्याने तो परवान्याचाच घ्यावा व पावती जपून ठेवावी.

कामाचा क्रम

खोदाई फेब्रुवारीनंतर सुरू करून जोते पावसाळ्यापूर्वी पुरे करावे. उघड्या चरात पावसाचे पाणी साचल्यास तळ मऊ होतो व बाजू ढासळतात. आखणी करताना कोपरे ३, ४ आणि ५ फुटांच्या दोरीने काटकोनात आहेत की नाहीत ते तपासावे. खोदलेली माती चराच्या काठापासून किमान ५ फूट दूर टाकावी. ५ फुटांहून खोल चराच्या बाजूंना फळ्यांचा आधार द्यावा. भराव ६-६ इंचांच्या थरांनी, पाणी शिंपडून, धुमसाने ठोकून करावा.

घराच्या जागेवरील वरची ६ इंच माती सर्वप्रथम वेगळी काढून ठेवावी. ३०० चौरस फुटांतून ही दीड ब्रास माती निघते; ती १ इंच जाडीने पसरल्यास दीड गुंठ्याहून अधिक मुरमाड जमीन सुधारते. खालची चुनखडीयुक्त माती मात्र परीक्षण केल्याशिवाय शेतात पसरू नये.

घर झाल्यावर भोवती ५ ते ६ फूट रुंदीची, बाहेर उतार असलेली फरसबंदी करावी. न्हाणीचे पाणी पायाजवळ मुरू देऊ नये. शोषखड्डा दूर घ्यावा. मोठी झाडे भिंतीला लागून लावू नयेत, कारण त्यांची मुळे एका बाजूची ओल शोषून घेतात.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी घरकुल मंजूर झालेल्या प्रत्येक कुटुंबास पहिली वीट येण्याआधी परीक्षेचा खड्डा घेण्यास सांगावे, त्याची मापे स्वतः पाहावीत आणि वरील रीतीने मातीकामाचा स्वतंत्र हिशेब मांडून द्यावा. जागा बदलणे खड्डा पाहिल्यावर शक्य असते. पाया भरल्यावर ते शक्य राहत नाही.