खताची परीक्षा : प्रयोग आणि अनुमान

नवें खत घातलें आणि त्या वर्षीं पीक चांगलें आलें, म्हणजे खत उत्तम ठरलें, असें आपण सर्रास म्हणतों. परंतु त्याच वर्षीं पाऊस वेळेवर पडला असेल, किंवा तें शेत मुळांतच सकस असेल. मग यश कोणाचें? याचा निर्णय न करितां पुढील वर्षीं कर्ज काढून तेंच खत सर्व शेतास घालणें हा अविचार होय.

अनेक दाखले पाहून त्यांतून सामान्य नियम काढणें यास विगमन म्हणतात. फ्रान्सिस बेकन या इंग्रज पंडितानें १६२० सालीं ग्रंथ लिहून या मार्गाचा पुरस्कार केला. मात्र दाखले विचारपूर्वक जमविले नाहींत तर नियम चुकतो.

याचें प्रसिद्ध उदाहरण व्हान हेल्माँट या बेल्जममधील वैद्याचें आहे. त्यानें कुंडींत २०० रत्तल वाळलेली माती भरून ५ रत्तल वजनाचें वाळुंजाचें रोप लाविलें व पांच वर्षें केवळ पाणी घातलें. झाड १६९ रत्तलांचें झालें. माती सुकवून जोखली, तों सुमारें २ औंसच घटली होती. यावरून झाड केवळ पाण्याचें बनतें असें त्यानें ठरविलें. ही हकीकत त्याच्या मृत्यूनंतर १६४८ सालीं छापली गेली. वजन खरें, पण अनुमान खोटें. कारण हवा त्यानें हिशेबांतच धरली नव्हती, आणि त्या दोन औंसांचें महत्त्वही जाणलें नव्हतें. वनस्पति आपला कर्ब हवेंतील कर्बाम्लवायूंतून घेतात, हें जिनीव्हाच्या द सोस्यूर यानें १८०४ सालीं प्रयोगानें दाखविलें. प्रयोगाची चूक प्रयोगानेंच सुधारली.

खतांविषयींचा वादही असाच मिटला. धान्यास लागणारें नत्र हवेंतून पुरेसें मिळतें, खतांत खनिज क्षार असले म्हणजे झालें, असें लीबिग हा जर्मन रसायनशास्त्रज्ञ प्रतिपादीत असे. इंग्लंडांत रोथॅमस्टेड येथें लॉज व गिल्बर्ट यांनीं १८४३ सालीं ब्रॉडबाल्क नांवाच्या एकाच शेताचे पट्टे पाडून गहूं पेरविला. एका पट्ट्यास कांहींच दिलें नाहीं, एकास शेणखत, कांहींस नुसते क्षार, तर कांहींस क्षारांबरोबर नत्रही दिलें. नुसत्या क्षारांनीं उत्पन्न फारसें वाढलें नाहीं. नत्र मिळतांच तें शेणखताच्या बरोबरीस आलें. हा प्रयोग आजही चालू आहे. बिनखताचा पट्टा नसता, तर तुलना कशाशीं केली असती?

तरीही एक शंका उरते : खताचा पट्टा मुळांतच चांगल्या जमिनींत पडला असला तर? यावर उपाय सुचविला रोनाल्ड फिशर यांनीं. ते १९१९ सालीं रोथॅमस्टेड येथें आले. कोणत्या पट्ट्यास काय द्यावें हें चिठ्ठ्या टाकून ठरवावें व तोच प्रकार अनेक पट्ट्यांवर करावा, असें त्यांनीं सांगितलें. आपल्याकडे पीक कापणी प्रयोगासाठीं शेताची निवड सहेतुक न करितां यदृच्छेनें करितात, त्यामागें हेंच तत्त्व आहे. महसुली नोकरींत आम्ही पाहिलें आहे कीं, नजरेच्या अंदाजाबाबत गांवांत दोन मतें पडत, पण कापून जोखलेल्या धान्याबाबत वाद क्वचितच राही.

शेतकरी बंधूंनीं एवढें करावें. एकसारख्या जमिनीचे आठ सारखे पट्टे आंखावे. चिठ्ठ्या टाकून चारांस नवें खत द्यावें व चार तसेच ठेवावे. बियाणें, पेरणीचा दिवस आणि पाणी सर्वांस एकच असावें. प्रत्येक पट्ट्याचें धान्य निराळें जोखून वहींत लिहावें, व हा क्रम तीन हंगाम चालवावा. खताचे पट्टे दर वर्षीं सरस ठरले, आणि वाढलेल्या धान्याची किंमत खताच्या खर्चाहून अधिक आली, तरच तें खत सर्व शेतास घालावें. एखादेंच वर्ष, एखादाच पट्टा किंवा विक्रेत्याचा शब्द हा पुरावा नव्हे.