मोबाइलवर शोधताना पहिल्या ओळीला भुलू नका



मागच्या उन्हाळ्यात सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातले एक भाऊ माझ्याकडे आले. कुसुम योजनेच्या सौर पंपासाठी त्यांनी मोबाइलवर शोध घेतला होता. सगळ्यात वर आलेली ओळ दाबली, आधार, सातबारा, खाते क्रमांक भरला आणि 'नोंदणी फी' म्हणून पाच हजार सहाशे रुपये पाठवले. पावतीवर अशोकस्तंभ छापलेला, पण पंपाचा पत्ता नाही. म्हणाले, "साहेब, पहिलं नाव तेच आलं, म्हणून सरकारीच समजलो."

चूक त्यांच्या एकट्याची नाही. पीएम-कुसुम योजना 2019 साली आली आणि त्याच वर्षी केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाला बनावट संकेतस्थळांपासून सावध राहण्याची सूचना काढावी लागली. पुढेही ती वारंवार निघाली.

पहिली ओळ वर येते कशी? शोध इंजिनावर जाहिरातीच्या जागेचा लिलाव होतो. पैसे मोजणाऱ्याला वरची जागा मिळते. अशा ओळीवर 'प्रायोजित' किंवा 'स्पॉन्सर्ड' असे बारीक अक्षरात लिहिलेले असते. आधी ते पाहावे, मग बोट लावावे.

दुसरी गोष्ट, तुम्ही काय शोधता याची नोंद राहते. आज केळीवरच्या सीएमव्ही रोगाबद्दल शोधले की उद्यापासून 'रोग मुळासकट बरा' करणाऱ्या टॉनिकच्या जाहिराती मागे लागतात. वास्तविक कुकुंबर मोझॅक विषाणूवर औषधच नाही. रोगट झाड मुळासह काढून नष्ट करणे, मावा आटोक्यात ठेवणे आणि केळीत काकडीवर्गीय आंतरपीक न घेणे हाच मार्ग. तुमची अडचण विकणाऱ्याला कळली की तो त्याच अडचणीवर माल विकतो.

तेव्हा पुढील काळजी घ्यावी.

1) शोध इंजिन बदलता येते. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'सर्च इंजिन' येथे डकडकगो निवडावे. ते तुमच्या शोधांचा इतिहास ठेवत नाही. जाहिराती तेथेही दिसतात, पण त्या शोधलेल्या शब्दावरून. आणि सेटिंग्जमधून त्या बंदही करता येतात.

2) गुगलच वापरायचे असेल तर खात्याच्या चित्रावर दाबून 'सर्च हिस्ट्री' उघडावी आणि नोंदी 3 महिन्यांनी आपोआप पुसण्याची सोय लावावी.

3) जाहिराती अडवायच्या तर ब्रेव्ह ब्राउझर घ्यावा, किंवा फायरफॉक्समध्ये 'यूब्लॉक ओरिजिन' हे जोडसाधन बसवावे. दोन्ही फुकट आहेत. मोबाइलवरील क्रोममध्ये असे जोडसाधन बसत नाही.

4) 'इन्कॉग्निटो'ने फक्त तुमच्या मोबाइलवरचा इतिहास राहत नाही. संकेतस्थळाला आणि इंटरनेट कंपनीला तुम्ही दिसताच. त्यावर विसंबू नये.

5) व्हॉट्सअॅपवर आलेली 'पीएम किसान'च्या नावाची एपीके फाइल कधीही उघडू नये. ती मोबाइलचा ताबा घेऊ शकते.

सरकारी पत्त्याचा शेवट बहुधा 'डॉट गव्ह डॉट इन' असा असतो. पीएम किसान आणि महाडीबीटी यांचे पत्ते तसेच आहेत. परंतु महावितरणचा पत्ता 'डॉट इन'वर संपतो, महाऊर्जाच्या कुसुमचा 'डॉट कॉम'वर. म्हणून केवळ शेपटावर भरवसा ठेवू नका. पत्ता कृषी सहायकाकडून किंवा महावितरणच्या कार्यालयातून लिहून घ्या आणि स्वतः टाइप करा. सौर पंपात शेतकऱ्याचा हिस्सा असतो, सर्वसाधारण गटाला 10 टक्के व अनुसूचित जाती-जमातींना 5 टक्के. पण तो भरायचा अधिकृत मागणी आल्यावर, कोणा अनोळखी माणसाच्या फोनवरून नव्हे.

ग्रामपंचायत व सेवा केंद्रातील मंडळींनाही एक विनंती. लाभार्थ्यांच्या आधार व खाते क्रमांकांच्या याद्या गावाच्या ग्रुपवर टाकू नयेत. सार्वजनिक संगणकावर काम झाले की लॉगआउट करावे, पासवर्ड साठवू नये. 2017 साली सर्वोच्च न्यायालयाच्या 9 न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आहे. तो शहरातल्यांचा आहे तितकाच निंभोऱ्याच्या, सावद्याच्या माणसाचाही आहे.

एवढे करूनही फसगत झालीच तर लाजू नका, थांबू नका. ताबडतोब 1930 या क्रमांकावर फोन करा आणि बँकेलाही कळवा. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता जास्त. आमचे भाऊ दोन महिन्यांनी आले. तोवर पैसे दुसरीकडे निघून गेले होते.

पिकाचा सल्ला हवा असेल तर किसान कॉल सेंटरचा 1800-180-1551 हा निःशुल्क क्रमांक आहेच. तेथे मराठीत विचारता येते आणि मध्ये जाहिरात येत नाही.