पाचशे कोटी म्हणजे नेमके किती?

सुट्टीला चार पाहुणे जमले की सिनेमाचा वाद निघतोच. ‘गदर २’वरून तर चाहत्यांचे सरळ दोन तट पडले. एक म्हणतो, “सनी देओलच्या नावावर गर्दी झाली!” दुसरा म्हणतो, “छे, लोक आले ते जुन्या ‘गदर’च्या प्रेमापोटी!” पुरावा मात्र दोघांचा एकच, कोटींचा!

मैत्रिणींनो, या वादात आपल्यालाही बोलता येईल बरं का. पगाराचा आकडा वेगळा आणि कापून हातात येतो तो वेगळा, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. इथेही तसेच. तिकीटविक्रीची ती ढोबळ कमाई, कर वजा जाता उरते ती निव्वळ, आणि त्यातूनही थिएटरवाल्याचा वाटा जातोच.

आता दर पाहा. १५ जून २००१ ला आलेल्या ‘गदर’ची देशातली निव्वळ कमाई सुमारे ७६ कोटी, ११ ऑगस्ट २०२३ च्या ‘गदर २’ची ५०० कोटींच्या वर. मग माणसे सहापट आली का? मुळीच नाही! जाणकारांच्या अंदाजाने तिकिटे पहिल्याचीच जास्त खपली. वाढले ते दर.

आणि नायकाचे नाव? त्याच सनीचा ‘जाट’ एप्रिल २०२५ मध्ये आला, पण त्या आकड्याच्या जवळपासही फिरकला नाही. नायक तोच, पण तारासिंग-सकीनाची बावीस वर्षांची ओळख त्याच्या पाठीशी नव्हती.

तेव्हा नुसता आकडा ऐकून चौघांच्या तिकिटांचे पैसे मोजू नका. आधी विचारा, “कोटी राहू देत, गोष्ट कशी आहे?”