आईंच्या फोनचा जमाखर्च

भारतात जायचे ठरले की आपल्या सगळ्यांच्या घरी देखावा एकच. पलंगावर उघडी बॅग, शेजारी वजनकाटा आणि हातात यादी. पूर्वी त्या यादीत बदाम, सेंटच्या बाटल्या, टेपरेकॉर्डर असे. आता तिकडे सगळेच मिळते. तरी एक गोष्ट यादीतून काही हलत नाही: आईबाबांसाठी फोन. कधी आपलाच जुना, कधी सेलमध्ये उचललेला स्वस्तातला.

आम्हीही तेच केले. आमच्या आई (म्हणजे आम्हा दोघांपैकी एकाची आई आणि दुसरीच्या सासूबाई) साताऱ्याला एकट्या राहतात. वय ७८. डिसेंबर २०२४ मध्ये न्यू जर्सीहून निघताना एका प्रीपेड कंपनीचा फोन ६० डॉलरना मिळाला आणि आम्ही हुरळून गेलो. साताऱ्याला पोचल्यावर त्यात आईंचे सिम घातले, तर फोन म्हणतो, हे सिम चालणार नाही! फोन त्या कंपनीशी बांधलेला, म्हणजे लॉक्ड. ठरावीक मुदत अमेरिकेतच वापरल्याशिवाय तो सुटायचा नाही. "अरे, मग हा शोकेसमध्ये ठेवू का?" आईंनी विचारले. ६० डॉलर पाण्यात गेले, पण पहिला धडा मिळाला. फोन ज्या देशात वापरायचा, त्याच देशात घ्यावा. तिथल्या फोनमध्ये दोन सिमची सोय असते, वॉरंटी तिथे चालते आणि बिघडला तर दुकान कोपऱ्यावर असते.

मग पोवई नाक्यावरच्या दुकानातून १३ हजारांच्या आत बसणारा फोन घेतला. कंपनीचे नाव मुद्दामच लिहीत नाही. या किमतीतले फोन गुणदोषांत एकमेकांचे सख्खे भाऊच. आधी सहा आठवडे आम्ही तो जवळून पाहिला, मग इथून. त्याचाच हा जमाखर्च.

आधी जमेची बाजू. पहिला मान बॅटरीचा. ५००० एमएएचची बॅटरी हल्ली स्वस्त फोनांतही सर्रास असते. बातम्या, भजने, आमच्याशी रोजचा अर्धा तास एवढा आईंचा वापर, आणि फोन दोन दिवस चालतो. वीज गेली तरी फोन जिवंत. दुसरे म्हणजे पडदा: पावणेसात इंचांचा. अक्षरे मोठी करून घेतली, तर आई चष्मा शोधत बसत नाहीत. तिसरे, सगळा फोन मराठीत करता येतो. ॲन्ड्रॉइडमध्ये ही सोय २०१४ पासून आहे, पण आपल्यापैकी किती जणांनी ती आईवडिलांना लावून दिली? आम्ही स्वतः तोवर दिली नव्हती. पहिल्यांदा पडद्यावर मराठी दिसले तेव्हा आई म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं मी उगाचच घाबरत होते!" शिवाय इयरफोनचे गोल भोक आहे, मेमरी कार्डाला जागा आहे आणि चार्जर डबीतच मिळाला. महागड्या फोनांतून या तिन्ही गोष्टी हळूहळू नाहीशा होत चालल्या आहेत.

कॅमेऱ्याचा खरा उपयोग नोव्हेंबरात कळला. आईंना फॅमिली पेन्शन आहे. दरवर्षी हयातीचा दाखला द्यायला बँकेत रांग लावावी लागे. जीवन प्रमाण योजनेत २०२१ पासून फोनसमोर चेहरा धरून हा दाखला देता येतो. शेजारच्या मुलाने पाच मिनिटांत काम केले. तेरा हजारांतले निम्मे पैसे त्या दिवशीच वसूल झाले असे आम्ही धरतो.

आता खर्चाची बाजू. डबीवर ५० मेगापिक्सेल असे ठळक छापलेले असते. उजेडात फोटो छान येतात, पण तिन्हीसांजेला देवघरातला फोटो काढा, समई तेवढी दिसते, आई दिसत नाहीत. मागे दोनतीन भिंगे दिसतात, त्यांतली २ मेगापिक्सेलची भिंगे निव्वळ शोभेची. पडदा मोठा असला तरी उन्हात फिका पडतो. गच्चीवर आई हाताची सावली धरून फोन बघतात. शिवाय न मागितलेली ॲप्स आणि जाहिराती. पहिल्या दिवशी आम्ही बसून दहाबारा ॲप्स काढली.

रॅम ४ जीबी. सुरुवातीला ठीक वाटले. पण भाजीवालीला पैसे द्यायला ॲप उघडले की ते डोळे चोळत उठते आणि मागे गिऱ्हाइकांची रांग लागते. आई सरळ पाकिटातून नोट काढतात. सहा जीबीला हजार-दीड हजार जास्त पडले असते, ते आम्ही वाचवले. चूक आमचीच. साठवणुकीची जागा मात्र १२८ जीबी घेतली ते बरे. रोजचे 'सुप्रभात' आणि फुलांचे फोटो ६४ जीबी कधीच गिळून बसले असते.

सर्वांत मोठी उणीव डबीवर छापलेलीच नसते, ती म्हणजे अपडेट्स. आमच्या फोनला सुरक्षेची अपडेट्स दोनच वर्षे मिळणार. पुढे फोन चालेल, पण त्याच्या कड्याकुलपांची कोणी डागडुजी करणार नाही, आणि त्याच फोनवर आईंचे बँक खाते! स्वस्त म्हणजे असे असायचेच, असेही नाही. २०२४ मध्ये आलेल्या सॅमसंगच्या गॅलक्सी ए१६ ५जी या फोनला कंपनीने सहा वर्षांच्या अपडेट्सचे वचन दिले. अर्थात त्यात इयरफोनचे गोल भोक नाही. कुठेतरी सोडावे लागतेच. काय सोडायचे ते आपण ठरवावे, दुकानदाराने नव्हे.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला बसलो, ती गोष्ट.

आम्ही रोज रात्री नऊला व्हॉट्सॲपवर फोन लावतो. उन्हाळ्यात तेव्हा साताऱ्यात दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेसहा झालेले असतात आणि आई चहा घेऊन बसलेल्या असतात. गेल्या जुलैत एका रात्री फोन लावला, तर उचलला जाईना. पुन्हा लावला. तेच. साधा फोन लावला, तर नंबर बंद. तेव्हा आठवले, आठवड्यापूर्वी रिचार्जची मुदत संपली होती आणि ते काम आमच्याकडे होते. घरात वाय-फाय असल्याने आईंना काही जाणवलेच नव्हते. लँडलाइन कधीच काढून टाकलेली. शेजारच्या काकूंचा नंबर? तो आईंच्या फोनमध्ये, आमच्याकडे नाही. पुण्याच्या मावसभावाला उठवले, त्याने त्याच्या ओळखीच्या एकाला, त्याने आणखी कोणाला. एक तास चाळीस मिनिटे गेली. त्या वेळात आम्ही एकमेकांशी फारसे बोललो नाही. विमानांची तिकिटे मात्र बघून ठेवली होती.

शेवटी काकूंच्या फोनवरून आईंचा आवाज आला. ठणठणीत. समोर फोन ठेवून वाट बघत बसल्या होत्या. "तुम्हाला काही काम निघालं असेल म्हणून मी काही फोन केला नाही. उगाच कशाला त्रास?"

फोन वाजलाच नव्हता. बॅटरी वाचवण्यासाठी रात्रभर न हाताळलेल्या ॲप्सना हा फोन झोपवून टाकतो आणि त्यात व्हॉट्सॲपही झोपले होते. ज्या बॅटरीचे आम्ही वर कौतुक केले, तिच्या कौतुकाचा एक हिस्सा असा येतो! आणि खूण समोरच होती. पलीकडचा फोन खरोखर वाजत असेल तर व्हॉट्सॲप 'रिंगिंग' असे दाखवते. आमच्या पडद्यावर सारा वेळ 'कॉलिंग' एवढेच होते. आम्हाला फरक ठाऊक नव्हता.

उपाय दोन मिनिटांचा आहे. सेटिंग्जमध्ये ॲप्स, त्यात व्हॉट्सॲप, त्यात बॅटरी, आणि तिथे 'अनरिस्ट्रिक्टेड' निवडायचे. काही फोनांत 'ऑटोस्टार्ट' असे वेगळे बटण असते, तेही चालू करायचे. मग फोन रात्रभर बाजूला ठेवून सकाळी लावून बघायचा. हे आम्ही पोवई नाक्यावरून घरी येताच करायला हवे होते. आम्ही कॅमेरा तपासत बसलो.

तर मंडळी, फोन घेऊ नये असे आम्ही म्हणत नाही. आईंसाठी पुन्हा याच किमतीच्या आसपास घेऊ. फक्त क्रम बदलू: आधी अपडेट्सची वर्षे, मग ६ जीबी रॅम आणि १२८ जीबी जागा, मग पडदा, आणि सर्वांत शेवटी मेगापिक्सेल. रिचार्ज एकदम वर्षभराचा करून टाकू. आणि शेजारच्या काकूंचा नंबर आता आमच्या फ्रिजवर लावलेला आहे, कागदावर, मोठ्या अक्षरांत.

आईंनाही एक गोष्ट बजावली आहे: साडेसहाला आमचा फोन आला नाही, तर पावणेसातला त्यांनी करायचा. त्या "बरं" म्हणाल्या आहेत. अजून एकदाही केलेला नाही. आपल्यापैकी कोणाला ही दुसरी अडचण सोडवता आली असेल, तर पुढच्या अंकासाठी जरूर लिहून पाठवा.