लीला राव-दयाळ : मैदानापासून ग्रंथापर्यंत

विम्बल्डन या लंडनमधील हिरवळीवरच्या स्पर्धेत एकेरीचा सामना जिंकणारी पहिली भारतीय महिला म्हणून लीला राव-दयाळ यांचे नाव इतिहासात नोंदले गेले असले, तरी खेळानंतर त्यांनी संस्कृत नाट्य आणि शास्त्रीय नृत्य यांचे ज्ञान पुस्तकरूपाने जतन केले, हे कार्यही तितक्याच आदराने सांगितले गेले पाहिजे.

लीला यांचा जन्म 1911 साली मुंबईत झाला. त्यांचे आजोबा शंकर पांडुरंग पंडित हे अथर्ववेदाचे साक्षेपी संपादक होते, तर पुण्यात जन्मलेल्या त्यांच्या आई पंडिता क्षमा राव या नामवंत टेनिसपटू असूनही गांधीजींच्या चळवळीवर ‘सत्याग्रहगीता’ हे संस्कृत काव्य रचणाऱ्या कवयित्री होत्या, आणि ते काव्य 1932 साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाले.

लीला यांनी 1931 ते 1943 या काळात अखिल भारतीय स्पर्धेचे एकेरीचे विजेतेपद सात वेळा पटकावले. 1934 साली विम्बल्डनच्या पहिल्या फेरीत त्यांनी ग्लॅडिस साउथवेल यांना 4-6, 10-8, 6-2 असे हरवले. त्या काळी टायब्रेक, म्हणजे सहा-सहा अशा बरोबरीनंतर सेटचा निकाल लावणारा जादा गेम, नव्हता. दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत सेट लांबत असे, आणि पहिला सेट गमावूनही दुसरा अठरा गेमपर्यंत झुंजून जिंकण्यात त्यांची जिद्द दिसते. पुढच्या फेरीत मात्र इडा अदामॉफ यांनी त्यांना हरवले.

पुढे लीला यांनी आईच्या कथांना संस्कृत नाट्यरूप दिले आणि ‘नृत्तमंजरी’सारखी नृत्यविषयक पुस्तके लिहिली. नृत्त म्हणजे कथा किंवा भाव न सांगता ताल आणि अंगविक्षेप यांवर उभे राहणारे शुद्ध नर्तन. गुरूसमोर पाहून शिकण्याची ही विद्या त्यांनी अभ्यासकांसाठी ग्रंथात आणली.

2005 साली हैदराबादच्या सानिया मिर्झाने विम्बल्डनमध्ये सामना जिंकल्यामुळे लीला यांचा टेनिसमधील वारसा तेलंगणाशीही जोडला गेला आहे. लीला यांना खेळ आणि विद्या दोन्ही घरातच मिळाल्या. तेलंगणातल्याच आदिलाबाद जिल्ह्यातील बाजारहत्नूरसारख्या गावातील मुलीला त्या मिळायच्या असतील, तर मैदान आणि ग्रंथालय पुरवण्याची जबाबदारी शाळेनेच उचलली पाहिजे, आणि त्यांपैकी एकाची निवड करण्याची वेळ तिच्यावर येता कामा नये.