पॅड बांधून बसलेला मुलगा

२०२५ सालच्या दिवाळीची सुटी संपून शाळा उघडली, त्या आठवड्यात आमच्या नवागामातील मुलांच्या तोंडी एकच विषय होता. भारताच्या महिलांनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला होता. एरवी खेळात मुलींना सीमेपलीकडचा चेंडू आणून देण्याचे काम सांगणारी पोरे आता शफालीच्या फटक्यांचे वर्णन हातवारे करून करीत होती. मधल्या सुटीत सातवीतला एक विद्यार्थी आमच्याकडे आला आणि म्हणाला, "सर, सामना संपल्यावर हरमनप्रीत ज्यांच्या पाया पडली, ते कोण?"

"ते संघाचे प्रशिक्षक, अमोल मुझुमदार."

"ते भारताकडून किती सामने खेळले?"

"एकही नाही."

मुलगा क्षणभर आमच्याकडे पाहत राहिला. मग त्याने विचारले, "मग ते यांना शिकवतात कसे?"

घंटा झाली. मुलगा वर्गात पळाला. प्रश्न मात्र आमच्यापाशी राहिला. त्याचे उत्तर एका वाक्यात देण्याजोगे नव्हते, म्हणून हा लेख.

मुंबईच्या शारदाश्रम विद्यामंदिराचे नाव क्रिकेटच्या इतिहासात कायमचे कोरले गेले ते फेब्रुवारी १९८८ मध्ये. हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेचा उपांत्य सामना आझाद मैदानावर चालला होता. समोर सेंट झेविअर्सचा संघ होता. विनोद कांबळी नाबाद ३४९ आणि सचिन तेंडुलकर नाबाद ३२६, अशी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी त्या दोन मुलांनी रचली. ही कथा मराठी घरांत ठाऊक नाही असा माणूस विरळा. परंतु त्या कथेत आणखी एक मुलगा आहे आणि तो धावफलकावर कोठेच नाही. या दोघांपैकी कोणी बाद झाला तर फलंदाजीस जायचे, म्हणून तेरा वर्षांचा अमोल मुझुमदार पॅड बांधून मैदानाच्या कडेला बसला होता. तासांमागून तास गेले. कोणी बाद झाले नाही. अमोलची पाळी आली नाही. तिघांचे गुरू एकच होते, रमाकांत आचरेकर. पण त्या दिवशी एकाच गुरूच्या तीन शिष्यांना तीन निरनिराळे धडे मिळाले असे म्हणावे लागेल.

पुढे पाळी आली ती मात्र दणक्यात. १९९३-९४ च्या हंगामात फरिदाबाद येथे हरियाणाविरुद्ध मुंबईकडून अमोलने रणजी करंडकात पदार्पण केले आणि पहिल्याच सामन्यात २६० धावा काढल्या. वय अवघे एकोणीस. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये पदार्पणातच इतक्या धावा तोपर्यंत जगात कोणी केल्या नव्हत्या. तो विक्रम डिसेंबर २०१८ पर्यंत, म्हणजे जवळजवळ पंचवीस वर्षे अबाधित राहिला. मुंबईने त्या वर्षी रणजी करंडकही जिंकला. लोक अमोलला दुसरा तेंडुलकर म्हणू लागले. भारत 'अ' संघात राहुल द्रविड आणि सौरव गांगुली यांच्या बरोबरीने त्याची निवड झाली. आता दार उघडणार, असे कोणासही वाटावे.

दार उघडले, पण ते इतरांसाठी. जून १९९६ मध्ये गांगुली आणि द्रविड यांनी लॉर्ड्‌सवर कसोटी पदार्पण केले, आणि दोघेही तेथून हलले नाहीत. त्याच वर्षाच्या अखेरीस व्ही. व्ही. एस. लक्ष्मण आला. तेंडुलकर तर होताच. मधल्या फळीतील जागा मोजक्या आणि त्या व्यापणारी माणसे अशी, की त्यांतील एकासही उठविणे निवड समितीला परवडणारे नव्हते. आझाद मैदानावरचा तो दिवस जणू पुढे वीस वर्षे लांबला. इतर खेळत होते, आणि अमोल मुझुमदार पॅड बांधून बसले होते.

फरक एवढाच, की या वेळी ते नुसते बसून राहिले नाहीत. १७१ प्रथम दर्जाचे सामने, ११,१६७ धावा, ३० शतके, सरासरी ४८ हून अधिक, हा त्यांचा हिशेब आहे. काही काळ रणजी करंडकातील सर्वाधिक धावांचा विक्रमही त्यांच्या नावावर होता; पुढे वसीम जाफर यांनी त्यांना मागे टाकले. मात्र रणजीचे सामने कसे होतात हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांस या आकड्यांचे मोल अधिक कळेल. प्रेक्षकांचे सज्जे रिकामे असतात. सावलीत चार निवृत्त गृहस्थ आणि शाळा चुकवून आलेली पाच-सहा पोरे, एवढाच प्रेक्षकवर्ग. शतक झाले तर टाळ्या मोजता याव्यात. अशा शांततेत एकामागून एक हंगाम धावा करीत राहण्यास वेगळ्या प्रकारचे बळ लागते.

असे भोग वाट्याला आलेले ते एकटेच नव्हेत. मुंबईचेच डावखुरे फिरकी गोलंदाज पद्माकर शिवलकर यांनी प्रथम दर्जाच्या सामन्यांत ५८९ बळी मिळविले; त्यांना कसोटीची टोपी कधीच मिळाली नाही, कारण त्याच काळात त्याच जातीचा बिशनसिंग बेदी हा गोलंदाज भारतापाशी होता. हरियाणाचे राजिंदर गोयल यांचे नशीबही तेच. २०१७ साली क्रिकेट नियामक मंडळाने या दोघांना कर्नल सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला, तेव्हा दोघेही सत्तरी ओलांडून गेले होते. गोयल २०२० मध्ये व शिवलकर मार्च २०२५ मध्ये निवर्तले.

दूर इंग्लंडात फुटबॉलच्या खेळात तर अशा खेळाडूंची एक स्वतंत्र जातच आहे. तेथील व्यावसायिक साखळीचे चार स्तर असून त्यांत मिळून ९२ संघ खेळतात. सर्वांत वरच्या स्तरात त्यांतील फक्त वीस. उरलेल्या बहात्तर संघांत शेकडो खेळाडू दोन वर्षे या गावी, तीन वर्षे त्या गावी, असे करार करीत आयुष्य काढतात. स्टीव्ह क्लॅरिज हा अशांपैकीच एक आघाडीचा गोल मारणारा खेळाडू. बोर्नमथ, ऑल्डरशॉट, केंब्रिज, ल्यूटन, बर्मिंगहॅम, पोर्ट्‌समथ, मिलवॉल, असे डझनाहून अधिक संघ त्याने पालथे घातले. १९९६ साली वेम्बलीवर जादा वेळेच्या अगदी शेवटी त्याने मारलेल्या गोलामुळे लेस्टर हा संघ वरच्या श्रेणीत गेला, आणि पुढच्याच वर्षी त्याच्याच गोलाने त्या संघाला लीग चषक मिळाला. तरीही इंग्लंडकडून तो कधी खेळला नाही. डिसेंबर २००६ मध्ये, चाळिशी उलटल्यावर, ज्या बोर्नमथमधून त्याने आरंभ केला होता त्याच संघाकडून तो आपला हजारावा सामना खेळला. तो सामना त्याचा संघ हरला. पण हजार वेळा बूट बांधून मैदानात उतरणे हे एका गोलाहून थोर की कसे, याचा विचार वाचकांनीच करावा.

आता पुन्हा मुंबईकडे येऊ. २००६-०७ च्या हंगामात मुझुमदार मुंबईचे कर्णधार होते. आरंभ इतका वाईट झाला, की संघ गुणतक्त्याच्या तळाशी गेला. तेथून सावरत तो उपांत्य फेरीत पोहोचला, आणि आपल्या शेजारच्या बडोद्यात एक विलक्षण प्रसंग घडला. मुंबईच्या दुसऱ्या डावात धावफलकावर एकही धाव लागलेली नसताना पाच गडी बाद झाले! अशा स्थितीतून मुंबईने तो सामना जिंकला आणि पुढे वानखेडेवर बंगालला हरवून सदतिसाव्यांदा करंडक घेतला. याच हंगामात मुझुमदारांच्या नेतृत्वाखाली एका एकोणीस वर्षांच्या मुलाने मुंबईकडून रणजीत पदार्पण केले. त्याचे नाव रोहित शर्मा. दार ज्यांच्यासाठी उघडले नाही, ते दुसऱ्यासाठी दार उघडे धरून उभे होते.

२००९ साली मुझुमदारांनी मुंबई सोडली आणि ते आसामकडून खेळू लागले. त्या काळी रणजीत बलाढ्य संघांचा एक व दुय्यम संघांचा एक असे दोन गट असत, आणि आसामची गणना बहुधा दुसऱ्यातच होई. त्यानंतर ते आंध्राकडून खेळले. ज्याने मुंबईला करंडक मिळवून दिला, त्याने पस्तिशीच्या उंबरठ्यावर गुवाहाटीस जाऊन नवखी भाषा बोलणाऱ्या, आपल्याहून पंधरा वर्षांनी लहान मुलांच्या पंक्तीत बसावे, ही गोष्ट लिहावयास सोपी आहे. आमच्या नवागामात ती कोणास समजावून सांगावी लागणार नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून ताप्ती लाइनच्या गाडीने येऊन उधन्याला उतरलेल्या माणसांची ही वस्ती. गावाकडे ज्याच्या शब्दाला मान होता, तो येथे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात सांचे चालवीत फिरला. कोणी त्याची ओळख विचारली नाही. काम येते का, एवढेच विचारले. आणि काम येत होते, म्हणून घर उभे राहिले. परमुलखात जाऊन पहिल्यापासून सुरुवात करण्यात अपमान नसतो, हे ज्यांना आपल्या वडिलांकडे पाहून कळले आहे, त्यांना मुझुमदारांचा आसामचा प्रवास उमगेल.

सप्टेंबर २०१४ मध्ये त्यांनी निवृत्ती पत्करली. मग शिकविणे सुरू झाले. २०१९ मध्ये दक्षिण आफ्रिकेचा संघ भारतात आला, तेव्हा त्यांच्या फलंदाजांना मार्गदर्शन करण्याचे काम मुझुमदारांनी केले. २०२१ पासून मुंबईचे प्रशिक्षकपद सांभाळले. त्या काळात मुंबईने २०२२ साली सय्यद मुश्ताक अली करंडक प्रथमच जिंकला. ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतीय महिला संघ त्यांच्याकडे सोपविण्यात आला. भारताच्या राष्ट्रीय संघाशी त्यांचा संबंध जुळला तो असा, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षाच्या आसपास.

२०२५ च्या विश्वचषकात या संघाने साखळीत सलग तीन सामने गमावले. टीका झाली. त्यांपैकी इंग्लंडविरुद्धच्या सामन्यातून जेमिमा रॉड्रिग्जला वगळण्यात आले होते. तीच जेमिमा उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३३९ धावांचे लक्ष्य गाठताना १२७ धावांवर नाबाद राहिली. त्या सामन्यात, अंतिम फेरीस जाण्यासाठी आपल्याला त्यांच्याहून फक्त एक धाव अधिक हवी, एवढेच मुझुमदारांनी खेळाडूंच्या खोलीतील फळ्यावर लिहिले होते, असे पुढे प्रसिद्ध झाले. आम्ही आयुष्यभर फळ्यावर लिहीत आलो. इतके थोडके लिहून इतके समजाविणे आम्हांस क्वचितच साधले. शफाली वर्मा तर मूळ संघातच नव्हती. प्रतिका रावल जखमी झाली म्हणून तिला बोलावणे गेले. २ नोव्हेंबर रोजी नवी मुंबईत अंतिम सामन्यात तिने ८७ धावा केल्या, दोन बळीही घेतले, आणि भारताने दक्षिण आफ्रिकेस ५२ धावांनी हरवून महिलांचा विश्वचषक प्रथमच जिंकला. वगळलेली एक आणि न निवडलेली दुसरी. त्यांच्या मनात काय चालले असेल, हे त्या खोलीत पॅड बांधून बसण्याचा सर्वाधिक अनुभव असलेल्या माणसाहून अधिक कोणास कळणार?

येथे एक कबुली देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. हा चषक मिळाला नसता, तर आम्ही हा लेख लिहिला असता काय? २०१४ साली ते निवृत्त झाले, तेव्हाही त्या अकरा हजार धावा होत्याच. तीस शतके होतीच. तेव्हा आम्ही परिपाठात त्यांचे नाव घेतले नाही. शेवटी यश आले म्हणून आधीचे कष्ट थोर ठरले, असे आम्ही मुलांना सांगू लागलो, तर ती अर्धवट शिकवण होईल. कारण ज्यांना शेवटीही चषक मिळत नाही, अशीच मुले आमच्या वर्गात अधिक आहेत. झालेला अन्यायही पुढच्या यशाने पुसला जात नाही. तो झाला होता, एवढे मान्य करावे आणि पुढे जावे. मुझुमदारांच्या आयुष्यातील खरी कमाई २ नोव्हेंबरच्या रात्रीची नव्हे. कोणी पाहत नसताना, निवड होण्याची आशा मावळली असताना, पुढच्या सामन्यासाठी पुन्हा पॅड बांधण्याची आहे.

त्या विद्यार्थ्याला आम्ही पुढे बोलावून आझाद मैदानाची गोष्ट सांगितली. त्याने लक्षपूर्वक ऐकली. "सर, मग त्यांना त्या दिवशी बॅटिंग मिळालीच नाही?" "नाही." "आणि ते घरी गेल्यावर?" "दुसऱ्या दिवशी पुन्हा सरावाला आले असतील." मुलगा काही बोलला नाही. तो शाळेच्या संघात बारावा खेळाडू आहे, हे आम्हांस त्याच्या वर्गशिक्षकांकडून नंतर कळले.

वाचकांस एवढीच विनंती. आपल्या घरातील मूल स्पर्धेहून परत आले, की "नंबर आला का?" असे विचारण्यापूर्वी "आज काय केलेस?" असे एकदा विचारून पाहावे. पाळी आली नसेल, तर ते तसे सांगेल. मग त्याच्याजवळ थोडा वेळ बसावे.