मालवणच्या प्रवाळांचे सुट्टीतले राखणदार

मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती, उथळ पाण्यातल्या खडकांवर प्रवाळ वाढतात. नवरत्नांतले लाल पोवळे त्यांचे दूरचे नातलग; मालवणचे प्रवाळ मात्र बहुतेक तपकिरी, हिरवट आणि नवख्या नजरेला साधे धोंडे वाटावेत असे. १९८७ साली इथे २९.१२ चौरस किलोमीटरचे सागरी अभयारण्य जाहीर झाले. मासेमारीवर बंधने येतील या भीतीने मच्छीमारांनी त्याला विरोध केला. पुढे संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या मदतीने जिल्ह्यात राबवलेल्या प्रकल्पात गावातल्या तरुणांना स्नॉर्केलिंग आणि स्कूबाचे प्रशिक्षण मिळाले, प्रवाळांचे तुकडे नव्या जागी रुजवण्याचे प्रयोगही झाले. जिवंत प्रवाळ पाहायला माणसे येतात आणि त्यावर काहींची चूल पेटते, हे गणित तेव्हापासून गावात रुळले.

यातली काही माणसे ठाणे, कल्याण, डोंबिवलीची. ठाण्याला तुतारी एक्सप्रेस किंवा दिव्याला सावंतवाडीची गाडी पकडून कुडाळला उतरले की मालवण तासाभरावर. पहिल्या डाइव्हला पोहता येण्याचीही अट नसते. प्रशिक्षक टाकी धरून पाहुण्याला खाली नेतो आणि काही मिनिटांत वर आणतो. एवढ्या वेळात संवर्धन ते काय होणार? पण नुकसान भरपूर होऊ शकते. फोटोसाठी ज्या गोल दगडावर गुडघा टेकला जातो, तो पोराइट्स जातीचा प्रवाळ असू शकतो. तो वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतो, म्हणजे हंड्याएवढ्या गोळ्यामागे दीड-दोन दशके असतात. वरच्या पातळ कातडीत जीव असतो. ती खरचटली की जखमेवर शेवाळ बसते. व्हिडिओत मासे गोळा व्हावेत म्हणून पाव-बिस्किटे टाकायला सांगणारा पाहुणाही घातकच. आयते खायला मिळाले की खडकावरचे शेवाळ खाणारे मासे आपले काम सोडतात. दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीला आहेत. तुकडा उचलून शोकेसमध्ये ठेवणे हा गुन्हा आहे.

प्रमाणपत्र घेतलेल्या डायव्हरकडून अपेक्षा अधिक. त्याची पहिली कसोटी बॉयन्सी, म्हणजे पाण्यात ना वर ना खाली असे अधांतरी राहणे. जॅकेटमधली हवा आणि कमरेचे वजन यांचा मेळ नसला तर माणूस तळाशी घसटतो आणि पायातले फिन्स गाळ उडवतात. तो गाळ प्रवाळांवर बसतो. हा सराव तरणतलावात करून यावा, प्रवाळांवर नव्हे. बोट निवडताना ती नांगर खडकावर टाकते की बोयाला दोर बांधते, हेही विचारावे. अडकलेले जाळे दिसले तर ते स्वतः ओढू नये. जाळ्याबरोबर प्रवाळही उपटला जातो. ते गाइडला दाखवावे.

खरा उपयोग डोळ्यांचा. प्रवाळांच्या ऊतींत सूक्ष्म शैवाल राहते. त्यांचे बरेचसे अन्न आणि रंग त्याच्याकडून येतो. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंशभर जास्त तापून काही आठवडे तसेच राहिले की हे शैवाल बाहेर पडते आणि प्रवाळ पांढरा पडतो. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठाने २००२ पासून हे फिकटणे मोजायला एक साधे रंगपत्रक वापरात आणले आहे. त्यावर चार रंगांच्या प्रत्येकी सहा छटा असतात. पत्रक प्रवाळाजवळ, पण न टेकवता धरायचे, सर्वांत फिकट आणि सर्वांत गडद भागाची छटा टिपायची आणि जागा, खोली, तारखेसह नोंदवायची. संशोधकांना रोज पाण्यात उतरता येत नाही, सुट्टीवाले मात्र मोसमभर उतरतच असतात.

पावसाळ्यात डायव्हिंग बंद असते आणि पाणी गढूळ. त्यामुळे मे महिन्यातली आणि दिवाळीच्या सुट्टीतली नोंद एकाच प्रवाळाची असली तर तिला जास्त मोल. मे महिन्यात पांढरा दिसलेला गोळा नोव्हेंबरमध्ये पुन्हा तपकिरी असेल तर तो सावरला. हिरव्या शेवाळाने मढला असेल तर मेला.